माणूस नाही

ऑकलंडजवळच्या ओटाहुहूतल्या माल-डेपोत एलेनोआ फिफिता एकोणीस वर्षं होती आणि त्यातली सोळा तिनं हातात मोजपट्टी धरून काढली. टोंगाला माल पाठवायला लोक निळी पिंपं घेऊन यायचे. पिंपाची उंची-रुंदी घ्यायची, झाकण ठोकून बघायचं, पत्ता लिहून घ्यायचा, एवढंच काम. पण एलेनोआच्या हातून पिंप सुटणं म्हणजे खाष्ट सासूच्या हातून सून सुटण्यासारखं होतं. "आत काय?" "पीठ आणि साखर, बाई." मग ती पिंपाला एक हिसका द्यायची. "पिठाचा असा खडखडाट कधीपासून व्हायला लागला?" माणूस ओशाळून हसायचा आणि मांसाचे डबे कागदावर चढायचे. एलेनोआला कुणी फसवू शकत नाही असं सगळ्या दक्षिण ऑकलंडात बोललं जायचं, आणि तिलाही ते ऐकायला आवडायचं.

मग फाटकावर कॅमेरे आले. पिंप पट्ट्यावरून सरकलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याचं माप व्हायचं, पत्ता वाचला जायचा, पोचा कुठं आहे तेही कळायचं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तशातली गत. एलेनोआची मोजपट्टी खिळ्याला लटकली. त्याच सुमारास एक पिंप सावरताना तिची कंबर गेली. कामावरून काढलं नाही, हा डेपोचा मोठेपणा. तो डेपोवाले वर्षभर सगळ्यांना सांगत होते. तिला वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसवलं आणि समोर एक पडदा दिला.

कॅमेऱ्यांची दुसरी फौज होती ती माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टवर. वाटेत माणूस दिसला की गाडी आपोआप करकचून थांबायची. कल्पना चांगली होती, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. आदल्या वर्षी एका पोराचा पाय चाकाखाली गेला होता. पण हा कॅमेरा म्हणजे साप म्हणून भुई धोपटणारा निघाला. खिळ्यावरचा कोट दिसला, थांब. पुठ्ठ्याची सावली हलली, थांब. आणि सगळ्यात जास्त थांबायचा तो चटयांना.

चटया म्हणजे आपल्या, टोंगावाल्यांच्या चटया. लग्नाच्या, मयताच्या, पाद्र्याला द्यायच्या. टोंगातल्या बाया महिनोन्महिने विणतात आणि गुंडाळ्या करून बोटीनं पाठवतात. डेपोच्या तिसऱ्या गल्लीत त्या भिंतीला टेकून उभ्या असायच्या, माणसाएवढ्या उंच, कुणी जाड, कुणी बारीक, वरती फडकं बांधलेलं. अंधूक उजेडात रांगेत उभी राहिलेली वऱ्हाडी मंडळीच वाटायची. कॅमेऱ्यालाही तसंच वाटायचं. एका पाळीत चाळीस-चाळीस वेळा गाडी ठप्प.

लेमेकी नावाचा फिजीचा ड्रायव्हर होता. तो खालून ओरडायचा, "एलेनोआबाई! तुमच्या चटईनं मला पुन्हा अडवलं! परवाना आहे का विचारते!"

"मग दाखव की."

"दाखवला. म्हणते, फोटो तुझा नाही, यात माणूस बरा दिसतोय!"

एलेनोआचं काम हेच. गाडी जिथं जिथं थांबली, तिथलं कॅमेऱ्यानं काय पाहिलं ते तिच्या पडद्यावर यायचं. खाली दोन बटणं. माणूस. माणूस नाही. ती दाबेल ते उत्तर कॅमेऱ्याकडं जायचं आणि दर पंधरवड्याला कॅमेरा तेवढा शहाणा व्हायचा. डेपोचा साहेब वॉरन तिला म्हणाला होता, "एलेनोआ, तू त्याची मास्तरीण आहेस असं समज."

तिला ते पटलं. नुसतं पटलं नाही, तिला मजा यायला लागली. चटई आली, माणूस नाही. चटई, माणूस नाही. पाठमोरा लेमेकी, माणूस. चटई, माणूस नाही. चटयांच्या बाबतीत तिला कोण शिकवणार? जन्मल्याबरोबर तिला ठेवलं होतं तेच मुळी चटईवर. चार महिन्यांत चाळिसाचे सहा थांबे झाले. वॉरननं केक आणला, त्यावर तिचं नाव घातलं होतं, एक अक्षर चुकवून.

खाली तिसऱ्या गल्लीत तिचा भाऊ इसिलेली काम करायचा. तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. लाकडी चौकटींवर रचलेल्या मालाला पट्टे आवळणं हे त्याचं काम. बारा वर्षं एका छपराखाली असून त्या दोघांनी तिथं एकमेकांशी एक वाक्य बोललं नसेल. भांडण नव्हतं, तो आदर होता. भाऊ मोठा झाला की बहिणीच्या खोलीत बसत नाही, तिच्यासमोर थट्टा करत नाही, तिच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. बहिणीचा मान वरचा. बहिणीनंही चारचौघांत त्याला हाक मारून ओशाळवायचं नसतं. ती जेवणघरात आली की तो आपली थाळी घेऊन बाहेर जायचा, आणि सोमवारी सकाळी तिच्या जिन्याच्या पायरीवर केळीच्या पानातली पुडी असायची. अळूच्या पानात नारळाचं दूध आणि मांस घालून रविवारच्या भट्टीत भाजलेलं. त्यातला मऊ भाग तो नेहमी तिच्यासाठी काढून ठेवायचा. एलेनोआचा नवरा केव्हाच ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिकडचाच झाला. तिला हक्काचं माणूस म्हणून एवढंच होतं, ती पुडी आणि ती ठेवणारा.

लेमेकी इसिलेलीला छळायचा. "तुम्ही टोंगाचे लोक म्हणे मोठे लढवय्ये. बहीण आली की पळता, बायको आली की लपता. लढता कधी रे?"

"तू आलास की," इसिलेली म्हणायचा, आणि पट्टा आवळायचा.

मार्चमध्ये त्यांची पिसिला आत्या गेली.

आत्या म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. बापाची बहीण, सगळ्या घराण्यात तिचा मान पहिला. ती गेली की भावाची मुलं सगळ्यांत खालच्या पायरीवर. त्यांनी मयताजवळ जायचं नाही, मागच्या अंगणात भट्टीशी राबायचं आणि अंगावर सगळ्यांत मोठी, सगळ्यांत जुनी, फाटकी चटई नेसायची. छातीपर्यंत गुंडाळलेली, दोरखंडानं आवळलेली, काठाच्या चिंध्या कानापर्यंत आलेल्या. जितकी चटई मोठी तितकं माणूस लहान. माती झाल्यावरही दहा दिवस ती उतरवायची नाही. बाजारात जा, बँकेत जा, कामावर जा, चटई अंगावर हवी. एलेनोआ आणि इसिलेली दोघांनीही ती नेसली.

वॉरननं परवानगी दिली. हे लक्षात ठेवायला हवं. तो स्वतः खाली आला, इसिलेलीच्या खांद्यावर हात टाकला, सूचना-फलकासाठी फोटो काढवून घेतला आणि म्हणाला, "आमच्याकडं सगळ्यांच्या रीतिरिवाजांचा मान ठेवला जातो." इसिलेलीनं आत डेपोच्या नियमाचं, लांबून उठून दिसणारं नारिंगी जाकीट घातलं होतं. वॉरनला त्याची कॉलर दिसली, तेवढी त्याला पुरली. जाकीट चटईवरून घाल असं तो म्हणाला नाही. आणि म्हणाला असता तरी इसिलेलीनं ऐकलं नसतं, कारण आत्याच्या शोकावर भडक नारिंगी कापड चढवणं म्हणजे तिच्या थडग्यावर उभं राहून नाचण्यासारखं होतं.

सहावा दिवस शुक्रवार होता. एलेनोआ सकाळपासून पडद्यासमोर बसली होती. चटईची चिंधी मानेला टोचत होती. साडेदहाला ती चहा घ्यायला खाली उतरली आणि पिवळ्या पट्ट्यांमधल्या पायवाटेनं निघाली, जशी रोज निघायची. समोरून लेमेकीची गाडी आली. रोज ती आठ-दहा पावलांवरच गपकन थांबायची. आज थांबली नाही. अगदी जवळ आल्यावर लेमेकीनं पायानं ब्रेक दाबला. चाकं किंचाळली.

"अगं बाई!" तो म्हणाला. मग तो हसायला लागला. "मला वाटलं गुंडाळीच चालत आली! घरी पाठवू का टोंगाला? पत्ता सांगा, पिंपाशेजारी उभं करतो!"

"गाडी का थांबली नाही रे?"

"थांबवली की मी."

"तू नाही. ती."

"तिला काय अक्कल आहे? तिला अक्कल असती तर..."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," ती म्हणाली, आणि दोघंही हसली. मयत झालेल्या घरात हसायला येतं तसं ते हसणं होतं.

वर जाताना जिन्यात तिचे पाय थबकले. हसू विरलं होतं. कॅमेऱ्याला अक्कल होती. तिनंच दिली होती. चार महिने ती त्याला सांगत होती की चटई माणूस नसते. पंधरवड्याचा ताजा धडा आदल्या रात्रीच त्यात चढला होता, आणि त्यानं तो पोपटासारखा पाठ केला होता.

काचेतून खाली बघितलं तर तिसऱ्या गल्लीत इसिलेली पट्टे आवळत होता. चटयांच्या रांगेसमोर, चटई नेसून. तो वाकला की तिलासुद्धा क्षणभर कळेना, माणूस कुठला आणि गुंडाळी कुठली.

आता इथं कुणीही विचारील, मग तिनं सांगितलं का नाही? तिनंही स्वतःला तेच विचारलं, पुढं आयुष्यभर. खाली जाऊन भावाला हाक मारायची? बारा वर्षांत मारली नव्हती. दहा पुरुषांसमोर बहीण ओरडत आली तर तो मान वर करून चालू शकला नसता. वॉरनला सांगायचं? त्यानं हात वर केले असते आणि सगळ्यांच्या अंगावरच्या चटया उतरवायला लावल्या असत्या, आत्याला पुरून सहा दिवस होत नाहीत तोवर. एलेनोआनं चटया उतरवायला लावल्या, हे चर्चमध्ये तिला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं. तिनं मनाशी ठरवलं, संध्याकाळी फूसीला फोन करायचा. फूसी म्हणजे इसिलेलीची बायको. सगळे निरोप तिच्यामार्फतच जायचे. ती त्याला सांगेल, जपून राहा म्हणून. चार दिवसांचा तर प्रश्न होता.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी लेमेकी दोन थरांची पिंपं घेऊन तिसऱ्या गल्लीत शिरला. पुढचं त्याला दिसत नव्हतं. एवढा उंच माल असला की गाडी उलटी चालवावी, असा नियम आहे. पण गाडीला डोळा बसवल्यापासून तो नियम कुणी पाळत नव्हतं. माणूस आला तर ती थांबेलच की. सकाळचं लेमेकीनं हसण्यावारी नेलं होतं.

एलेनोआनं आवाज ऐकला. मग लेमेकीचा आवाज ऐकला, तसा तिनं पूर्वी कधी ऐकला नव्हता. ती जिना उतरली ती कमरेचं दुखणं विसरून. इसिलेली चटयांच्या गुंडाळ्यांमध्ये भिंतीशी चेंगरला होता, त्याच्याभोवतीच्या गुंडाळ्या आडव्या पडल्या होत्या आणि त्याच्या अंगावरची चटई दोरखंडानं अजून घट्ट आवळलेली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला सगळ्यांसमोर नावानं हाक मारली. त्यानं डोळे उघडून तिच्याकडं बघितलं, सरळ. मग त्याला बहुधा रीत आठवली, कारण त्यानं नजर बाजूला वळवली. रुग्णवाहिका यायच्या आत तो गेला.

तिसऱ्या दिवशी वॉरन तिच्या मांगेरेच्या घरी आला. फुलं घेऊन आला, बूट बाहेर काढले, सगळं व्यवस्थित केलं. फूसी तिथंच होती. रडून रडून तिचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"चौकशी सुरू आहे," वॉरन म्हणाला. "पण प्राथमिक अहवाल स्पष्ट आहे. जाकीट झाकलं गेलं होतं. नियमात न बसणारा पोशाख. मला फार वाईट वाटतंय."

"म्हणजे चूक त्याची," फूसी म्हणाली.

"चूक असा शब्द मी वापरणार नाही."

"मग कुठला वापरणार?"

फूसी उठली आणि बोलता बोलता खुर्च्या सरळ करायला लागली, जणू पाहुणे यायचे होते. "मीच म्हटलं होतं त्याला, कामावर लहान नेस. ऐकलं नाही. आत्याचा मान! आत्या गेली, तिला काय कळतंय! आता मुलांना काय सांगू? तुमचा बाप हट्टानं मेला? चटईपायी मेला?"

ती आतल्या खोलीत गेली. वॉरन एलेनोआकडं वळला आणि आवाज उतरवून म्हणाला, "एक सांगतो. ते पडद्यावरचं काम, त्याचा तू त्रास करून घेऊ नकोस. तसली उत्तरं चार शहरांतून येतात, हजारोंनी. कुणी काय दाबलं ते कुणी बघत नाही."

"तुम्ही फोटो काढला होता त्याच्याबरोबर," एलेनोआ म्हणाली.

"तो फलकावरून काढलाय. आदर म्हणून."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पण वॉरनवर तिला फार राग येईना. राग यायला आपण स्वच्छ असावं लागतं. चार शहरांतून हजार उत्तरं आली असतील, पण शुक्रवारी साडेदहाला जिन्यात उभं राहून ज्याला कळलं होतं, असं माणूस एकच होतं. आणि त्या माणसाला आता मोठा सोपा रस्ता दाखवला गेला होता. गप्प बसायचं. भाऊ हट्टी होता असं लोक दोन महिने म्हणतील आणि विसरतील.

पण लोक विसरत नव्हते, लोक वाढवत होते. चर्चच्या दारात एक जण म्हणाला, त्याला दाखवायची हौस होती. दुसरा म्हणाला, इसिलेलीमुळं आता सगळ्याच डेपोंत चटया बंद होणार. इसिलेली जन्मभर कुणाच्या वाटेत आला नाही, आणि मेल्यावर सगळ्या जमातीच्या वाटेतला धोंडा झाला. त्याच्या थोरल्या मुलीनं, सतरा वर्षांच्या, एलेनोआला विचारलं, "आत्या, बाबांना अक्कल नव्हती का गं?" पिसिला आत्यामागं आता या घराची आत्या एलेनोआ होती. घराण्यात पहिला मान तिचा होता.

माती पुढच्या शनिवारी सकाळी होती. चर्चच्या सभागृहात इसिलेलीला चटया आणि झाडाच्या सालीच्या रंगवलेल्या वस्त्रांच्या थरांवर निजवलं होतं. त्याच्या उशाशी एक जागा मोकळी ठेवली होती. ती बहिणीची. तिथं मानाच्या बाईनं बसायचं, अंगावर लहानशी, बारीक विणीची, जुनी मऊ चटई नेसून, कारण ती मयताहून वरची. येणारा प्रत्येक जण आपली सगळ्यात चांगली चटई आणून तिच्यासमोर ठेवणार. फूसीनं नणंदेची बारीक चटई आदल्या दिवशीच इस्त्री केल्यासारखी दाबून ठेवली होती.

पाद्री थांबले, गाणारे थांबले, जागा रिकामीच. मग मागचं दार उघडलं, अंगणातल्या भट्टीचा धूर आत आला, आणि धुरामागून एलेनोआ आली. तिच्या अंगावर ती मोठी फाटकी चटई होती, आत्याच्या वेळची, कानापर्यंत. अनवाणी, तोंडाला काजळी. खालच्या पायरीची माणसं येतात तशी गुडघ्यांवर सरकत ती आली आणि भावाच्या पायांशी थांबली.

सभागृहात कुजबुज उठली. बहिणीनं भावाच्या पायांशी बसावं? कुणी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय. पाद्री हलक्या आवाजात म्हणाले, "एलेनोआ, बाळ, जागा चुकली तुझी."

"चुकली नाही," ती म्हणाली. कंबर धरून उठून उभी राहिली. तिसऱ्या रांगेत वॉरन काळा टाय लावून बसला होता, त्यालाही कळावं म्हणून ती आधी इंग्रजीत बोलली, मग आपल्या भाषेत. फार बोलली नाही. तिला भाषण येत नव्हतं.

"इसिलेलीची चूक नव्हती. चटईचीही नव्हती. साहेबानं त्याच्या खांद्यावर हात टाकून हो म्हटलं होतं, फोटो आहे. गाडी थांबली नाही, कारण चटईला बघून थांबू नकोस असं मी तिला शिकवलं होतं. चार महिने, रोज. मला केक मिळाला त्याचा. आणि त्या दिवशी सकाळी गाडी माझ्यासमोरही थांबली नव्हती. मला तेव्हाच कळलं होतं. मी वरून त्याला बघितलं. हाक मारली नाही. मला वाटलं, लोक काय म्हणतील. संध्याकाळी फोन करू."

एवढं बोलून ती खाली बसली, पायांशी, कपाळ जमिनीला टेकून. मागच्या रांगेत लेमेकी होता. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. वॉरन उठून बाहेर गेला. त्याला बहुधा फोन करायचा होता. बाकी कुणी हललं नाही.

हलली ती फूसी. नवऱ्याच्या कुशीशी बसलेली ती उठली, नणंदेजवळ आली. सगळ्यांना वाटलं, मारते आता. तिनं वाकून एलेनोआच्या कमरेचा दोरखंड सोडायला सुरुवात केली.

"वन्सं, उठा."

"राहू दे मला इथं. मी तिथं बसायच्या लायकीची नाही, फूसी."

"लायकी कुणी विचारली तुमची?" फूसीचा आवाज अजिबात चढला नव्हता. "हे नेसून मागं जायचं, चार दिवस भांडी घासायची, धुरात रडायचं आणि मोकळं व्हायचं, होय? एवढं स्वस्त नाही ते. माझा नवरा पायरीवर पुडी ठेवायचा ती त्याच्या बहिणीसाठी. बहीण व्हा त्याची. तिथं बसा, उशाशी. सगळ्यांना दिसाल अशा बसा."

दोरखंड सुटला. मोठी चटई खाली पडली आणि एलेनोआ नुसत्या काळ्या झग्यात उभी राहिली, एवढीशी. फूसीनं बारीक चटई आणली, तिच्या कमरेला गुंडाळली, चापूनचोपून नीट केली, ओल्या फडक्यानं तिच्या तोंडाची काजळी पुसली, लहान मुलाची पुसतात तशी पण माया न करता. मग तिला दंडाला धरून नेलं आणि भावाच्या उशाशी बसवलं.

गाणं पुन्हा सुरू झालं. लोक एकेक करून चटया आणायला लागले. लांब, पांढऱ्या, झालरीच्या, कुणाच्या आजीनं विणलेल्या. प्रत्येक जण समोर येऊन चटई उलगडायचा आणि थांबायचा, कारण घेणारीनं निदान बघायला तरी हवं. एलेनोआनं पहिल्या दोन-तीन चटयांना मान खाली घातली.

"वन्सं," फूसी शेजारून म्हणाली, "बघा."

तिनं बघितलं. मग पुढची आली, तीही बघितली. दुपारपर्यंत चटया येत राहिल्या.